व्हिडिओ गेममधलं ओ की ठो कळत नाही? तरी 'रेक-इट राल्फ' असा बघा

दादाच्या पोरांनी मला हा पिक्चर पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी अर्धा वेळ मोबाईलच बघत होते, कारण समोर काय चाललंय ते कळतच नव्हतं. एक अवाढव्य माणूस, म्हणजे हाच राल्फ, बिल्डिंग फोडतोय, मग तोच माणूस गोल करून बसलेल्या राक्षसांसमोर मन मोकळं करतोय, मग ट्रेनमध्ये बसून चक्क वायरीतून चाललाय, पोरं खदाखदा हसतायत आणि दादा तर पोरांपेक्षा जास्त. मी विचारलं हे नारिंगी भूत कोण, तर भाचा म्हणाला आत्या तू मध्ये मध्ये विचारू नको ना. झालं, बसले गप्प.

पिक्चर संपल्यावर दादाने चहा पिता पिता मला वीसेक मिनिटं सगळं समजावलं, मग आठवड्याने मी एकटीने परत बघितला, आणि या वेळी शेवटाला पदराने डोळे पुसत होते. पिक्चर तोच होता, फक्त मधल्या वीस मिनिटांचा फरक. म्हणून माझ्यासारखे जे कोणी असतील, ज्यांना पोरांबरोबर बघायचाय पण गेमचा ग पण माहीत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गेम खेळणाऱ्यांनी वाचलं तरी चालेल पण त्यांना हसू येईल.

आधी पिक्चरची कुंडली पटकन. डिस्नीचा आहे, २०१२ चा, लांबी १०१ मिनिटं म्हणजे पावणेदोन तासाला चार मिनिटं कमी, जेवणं आटपून बसलात तर झोपायच्या वेळेआधी संपतो. दिग्दर्शक रिच मूर, हे आधी 'द सिम्पसन्स' वगैरे कार्टून मालिकांवर काम केलेले. लिहिणाऱ्यांमध्ये जेनिफर ली आहेत, ज्यांनी पुढच्याच वर्षी 'फ्रोझन' लिहिला, तेव्हा घरात एल्साची भक्त मुलगी असेल तर तिला हे सांगून बसवता येतं. आमच्याकडे हीच युक्ती चालली. बघायचा असेल तर डिस्नीचा असल्यामुळे आधी हॉटस्टारवर, म्हणजे आताच्या जिओहॉटस्टारवर शोधा.

पहिली पायरी: बघायच्या आधी दहा मिनिटं पॅकमॅन खेळा

ही पायरी गाळू नका, हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. आणि काही विकत घ्यायचं नाही, काही डाउनलोड करायचं नाही. गुगलवर पॅकमॅन शोधा, २०१० च्या मे महिन्यात त्या गेमला ३० वर्षं झाली तेव्हा गुगलने आपल्या नावाच्या अक्षरांचाच चक्रव्यूह करून खेळता येईल असा पॅकमॅन केला होता, तो अजून खेळता येतो. पिवळा गोळा ठिपके खात पळतो आणि चार भुतं त्याच्या मागे लागतात. बस एवढंच. १९८० सालचा जपानी गेम आहे, नामको कंपनीचा.

खेळताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे मधोमध एक चौकोनी खोली आहे, भुतं तिथून बाहेर पडतात. पिक्चरमध्ये सुरुवातीलाच खलनायकांची जी बैठक भरते ना, ती याच खोलीत भरते, आणि ते नारिंगी भूत म्हणजे क्लाइड, बैठकीचा यजमान. आता दारू सोडलेल्या लोकांच्या बैठका असतात, सगळे गोल बसतात आणि एकेक जण उठून आपलं सांगतो, अगदी तशीच बैठक, फक्त इथे दारूच्या जागी खलनायकपणा. मला पहिल्या वेळी हे कळलंच नव्हतं, आणि पिक्चरमधला सगळ्यात भारी विनोद तोच आहे.

दुसरं म्हणजे तुम्ही मेलात की काय होतं ते बघा. काही होत नाही, परत सुरुवातीच्या जागी उभे राहता. लाईफ संपल्या तर नाणं टाका, परत सुरू. पात्राला मरणाची भीतीच नाही. हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे कारण पिक्चरची सगळी भीती या एका नियमावर उभी आहे: आपल्या गेममध्ये मेलात तर परत जिवंत होता, दुसऱ्याच्या गेममध्ये जाऊन मेलात तर कायमचे गेलात. स्टेशनवरच्या मोठ्या पडद्यावर सॉनिक येऊन हे सांगत असतो, निळा साळिंदर, तो १९९१ चा सेगा कंपनीचा हिरो. पोरं त्याला बघून ओरडतात आणि त्या ओरडण्यात तो काय सांगतोय ते ऐकायचं राहून जातं, आमच्याकडे तेच झालं.

दुसरी पायरी: गेम पार्लर आठवा, किंवा ज्याला आठवतंय त्याला शेजारी बसवा

पिक्चर घडतो लिटवॅक नावाच्या आजोबांच्या आर्केडमध्ये, अमेरिकेत. आर्केड म्हणजे आपलं व्हिडिओ गेम पार्लर. नव्वदच्या दशकात आपल्याकडे एसटी स्टँडजवळ, थिएटरच्या बाजूला, कुठेतरी गल्लीत एक अंधारी खोली असायची आणि आत चार-पाच मशीन, एक रुपयाचं नाणं नाहीतर मालकाकडून घेतलेलं टोकन टाकायचं. दादा तिथे पडीक असायचा. मुस्तफा खेळायला. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', १९९३ चा कॅपकॉमचा, पण आपल्याकडे अर्ध्या भारताने त्याला त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाचंच नाव दिलं. मी कधी आत गेले नाही, मुली जायच्याच नाहीत, आई दादाला बोलवायला पाठवायची तेव्हा दारातून हाक मारायची आणि आत निळा-लाल उजेड दिसायचा तेवढाच. तर पिक्चर बघताना दादा जे हसत होता ना ते त्या खोलीत उभा राहिलेला माणूस म्हणून हसत होता. तुमच्या घरात असा नवरा, भाऊ, दीर, कोणीही असेल तर त्याला शेजारी बसवा, पण आधीच बजावून ठेवा की पॉज करून भाषण द्यायचं नाही.

तिकडे रुपयाऐवजी पंचवीस सेंटचं नाणं चालतं, त्याला क्वार्टर म्हणतात. कोणी मशीनजवळ येऊन नाणं टाकलं की आतल्या पात्रांना इशारा मिळतो, क्वार्टर अलर्ट, आणि सगळे आपापल्या जागी पळतात. आमच्या काकांनी हे ऐकून जे विचारलं ते इथे लिहीत नाही, आपल्याकडे क्वार्टर म्हटलं की काय आठवतं ते तुम्हाला माहितीये.

तिसरी पायरी: पाचसहा शब्द आधीच समजून घ्या

प्लग. हा सगळ्यात महत्त्वाचा. आर्केड रात्री बंद झालं की सगळी पात्रं आपापल्या मशीनच्या वायरीतून ट्रेनने एका मोठ्या स्टेशनवर येतात, गेम सेंट्रल स्टेशन. ते स्टेशन म्हणजे काय, तर आपला एक्स्टेंशन बोर्ड! सगळी मशीनं एकाच बोर्डात लावलेली आहेत ना, म्हणून सगळे एकमेकांना भेटू शकतात. दिसायला ते न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनसारखं केलंय. आणि येताजाता तपासणी करणारा तो निळसर अधिकारी आहे ना, तो सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे घरी कम्प्युटरला लावतो तो स्पाइक बस्टर. त्याचा आवाज पिक्चरच्या लेखकांपैकीच एकाने, फिल जॉन्स्टनने दिलाय. मला हे कळल्यावर पहिला विचार आला की यांचं आर्केड आमच्या गावात असतं तर लोडशेडिंगमध्ये काय केलं असतं बिचाऱ्यांनी.

आता मशीन बिघडलं की मालक त्यावर नारिंगी पाटी चिकटवतो, आउट ऑफ ऑर्डर. दुरुस्त नाही झालं तर प्लग काढतो. प्लग काढला म्हणजे ते गाव संपलं, घरं संपली, पळून स्टेशनवर आले ते वाचले पण बेघर झाले. स्टेशनवर एक नारिंगी, लांब नाकाचा, हात नसलेला गोळा पाटी घेऊन भीक मागताना दिसेल, तो क्यूबर्ट, १९८२ च्या खऱ्या गेमचा हिरो. त्याचा गेम गेला. राल्फ त्याला चेरी देतो ती पॅकमॅनच्या गेममधली. दोन सेकंदांचा सीन आहे पण तो लक्षात ठेवा, कारण पुढे पाटी लागते तेव्हा पोटात गोळा यायला हवा असेल तर क्यूबर्ट आधी दिसलेला हवा.

ग्लिच. प्रोग्राममधली चूक, ज्यामुळे चित्र फडफडतं, पात्र इकडून तिकडे उडी मारतं. गोष्टीतली छोटी मुलगी व्हॅनेलपी, तिला सगळे ग्लिच म्हणून हिणवतात आणि शर्यतीत घेत नाहीत. शब्दाचा अर्थ माहीत नसला तर ती शिवी आहे हेच कळत नाही.

टर्बो. कोणी आपला गेम सोडून दुसऱ्याच्या गेममध्ये घुसला की त्याला म्हणतात टर्बो झालास का. यामागची गोष्ट पिक्चरमध्ये फेलिक्स, म्हणजे राल्फच्याच गेमचा हिरो, सांगतो, तेव्हा पाणी प्यायला उठू नका. यापुढे मी काही बोलणार नाही, पोरांनी मला शपथ घातलीये.

चीट कोड. ठरावीक क्रमाने बटणं दाबली की गेममध्ये गुपचूप फायदा मिळतो, तो क्रम. आपल्या घरच्या टीव्ही गेमवर कॉन्ट्रा खेळलेल्यांना हा झोपेत विचारला तरी सांगता येतो: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, स्टार्ट. कॉन्ट्रात ३० लाईफ मिळायच्या. मुळात हा कोनामी कंपनीच्या एका प्रोग्रामरने १९८६ मध्ये 'ग्रेडियस' नावाच्या गेमसाठी केला, कारण तपासताना त्याला स्वतःलाच तो गेम जड जात होता. पिक्चरमध्ये एका तिजोरीसमोर हा वापरलाय. दादा त्या सीनला सोफ्यावरून उठला होता.

चौथी पायरी: तीन गेम वेगवेगळे ओळखा

खरे गेम पाहुणे आहेत, पण गोष्ट घडते ती पिक्चरसाठी बनवलेल्या खोट्या गेममध्ये. तीनच आहेत, घोळ करून घेऊ नका.

एक, राल्फचं घर, 'फिक्स-इट फेलिक्स ज्युनियर'. गोष्टीप्रमाणे १९८२ चा. राल्फ बिल्डिंग फोडतो, फेलिक्स सोन्याच्या हातोडीने दुरुस्त करतो, शेवटी फेलिक्सला मेडल आणि राल्फला गच्चीवरून खाली चिखलात. हे रोज, ३० वर्षं. वरून मोडतोड करणारा दांडगा आणि खालून वर चढणारा छोटा माणूस ही रचना १९८१ च्या 'डाँकी काँग'ची आठवण करून देते, ज्यातला छोटा माणूस पुढे मारिओ झाला. मारिओ मात्र या पिक्चरमध्ये दिसत नाही, फेलिक्सच्या पार्टीत नुसता उल्लेख आहे, तेव्हा पोरांना आधीच सांगा नाहीतर शेवटपर्यंत मारिओ कधी येणार विचारत राहतात. इथे बिल्डिंगमधली माणसं कशी चालतात ते नीट बघा, सरळ झटक्यात, मधलं हालणं नाहीच. जुन्या गेममध्ये तेवढीच चित्रं असायची म्हणून मुद्दाम तसं केलंय. केक उडतो तेव्हा भिंतीवरचा डाग पण चौकोनी चौकोनी पडतो. हे भाचीने दाखवलं मला, वय वर्षं नऊ.

दोन, 'हीरोज ड्यूटी'. आजकालचा बंदुकीवाला गेम, अंधार, किडे, सैनिक. राल्फ इथे मेडल चोरायला येतो. इथली सार्जंट कॅल्हून एकदम कडक बाई, आणि तिचं दुःखी पूर्वायुष्य म्हणजे प्रोग्रामरने लिहून घातलेलं आहे, लग्नाच्या दिवशीच नवऱ्याला किड्याने खाल्लं. दुःखच आहे पण हसू येतं, काय करणार. या गेमच्या नावावर व्हॅनेलपी फिदीफिदी हसते तो विनोद आपल्या पोरांना लागत नाही, तर सांगून टाका: तिकडे लहान मुलांच्या भाषेत डूडी म्हणजे शी. सांगितल्यावर आमच्याकडे पाच मिनिटं पिक्चर थांबवावा लागला.

तीन, 'शुगर रश'. गोळ्या-चॉकलेटांच्या देशातली गाड्यांची शर्यत, अर्ध्याहून जास्त पिक्चर इथेच आहे. जपानमध्ये तर पिक्चरचं नावच 'शुगर रश' ठेवलं होतं, गाणं पण एकेबी४८ या तिथल्या मुलींच्या ग्रुपचं. शर्यतीत भाग घ्यायचा तर एक सोन्याचं नाणं भरायचं, आणि पहिले नऊ जण दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्यांना निवडता येतात. म्हणजे व्हॅनेलपीला नुसती शर्यत जिंकायची हौस नाहीये, तिला त्या पडद्यावर दिसायचंय. कँडीच्या अमेरिकन नावांवरचे विनोद सोडून द्या, ते आपल्यासाठी नाहीत. पण डाएट कोलाच्या डोंगरात वरून मिंटच्या गोळ्या पडल्या की फेसाचं कारंजं उडतं, हे मात्र पोरांना माहीत असतंच, यूट्यूबची कृपा.

इथला राजा किंग कँडी. त्याचा आवाज अॅलन ट्यूडिकचा, आणि याच माणसाने पुढे 'मोआना'मधल्या त्या येड्या कोंबड्याचा आवाज दिला. एवढं सांगून मी राजाबद्दल गप्प बसते.

पाचवी पायरी: कोणाबरोबर बघताय ते बघून तयारी

सहा-सात वर्षांच्या पुढे काही अडचण नाही. त्याहून लहान असेल तर दोन जागी मांडीवर घ्यावं लागेल. एक, ते किडे, सायबग. जे खातील तसे होतात, अंडी घालतात, आणि शेवटी त्यांचा थवाच्या थवा येतो. दुसरी जागा जास्त अवघड आहे आणि तिथे ना किडा ना अंधार. राल्फ एक गोष्ट फोडतो, मुद्दाम, समोर व्हॅनेलपी रडत ओरडत असताना. भाचा त्या वेळी सहाचा होता, रागाने पडद्याला उशी फेकून मारली आणि राल्फ घाण आहे म्हणत आत निघून गेला. त्याला परत आणताना त्याच्या आईने शहाणपणा केला, राल्फ चांगला आहे वगैरे काही समजावत बसली नाही, नुसतं म्हणाली की बघू तरी त्याला स्वतःला काय वाटतं. आला. तुम्ही पण तिथे पॉज करून समजावू नका, पुढची दहा मिनिटं तेच काम करतात.

आणि भाषा. कळत असेल तर इंग्लिश आवाज ठेवा, सबटायटल लावा, कारण राल्फचा थकलेला आवाज, जॉन सी. रायलीचा, आणि व्हॅनेलपीचा खरखरीत आगाऊ आवाज, सारा सिल्व्हरमनचा, यांची जुगलबंदी हीच खरी मजा आहे. आजी-आजोबांना मात्र सबटायटलचा त्रास होतो, त्यांना गोष्ट आधी दोन वाक्यांत सांगून टाका. माझ्या आईला मी सांगितलं की एका माणसाला ३० वर्षं त्याच बिल्डिंगमधले लोक पार्टीला बोलवत नाहीत म्हणून तो मेडल आणायला जातो. आई म्हणाली, सोसायटीचा पिक्चर आहे होय, आणि शेवटपर्यंत बसली.

दुसऱ्यांदा बघाल तेव्हा

बघालच. तेव्हा कडेकडेला लक्ष ठेवा. खलनायकांच्या बैठकीत मारिओचा दुश्मन बाऊजर बसलाय, 'स्ट्रीट फायटर'चे लोक आहेत. त्यात तो पैलवान झँगीफ आहे आणि त्यावरून दादाचा आजही वाद आहे, की झँगीफ खलनायक नाहीच, त्याला आपण स्वतः घेऊन खेळायचो. बरोबर आहे त्याचं, पण त्याच्यामुळे सीन रंगलाय तर जाऊ दे. टॅपर नावाच्या बारमध्ये, तो पण १९८३ चा खरा गेम, हरवलेल्या सामानाचं खोकं आहे, राल्फ त्यात हात घालतो तेव्हा काय काय बाहेर येतं ते पॉज करून बघा, या वेळी पॉज चालेल. तुरुंगात फेलिक्स हातोडीने गज तोडायला जातो आणि ते आणखी जाड होतात, कारण हातोडीला फक्त दुरुस्त करता येतं. मी पहिल्या वेळी हे बघितलंच नव्हतं, मोबाईल.

दुसरा भाग २०१८ चा आहे, 'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट', त्यात ते वायफायमधून इंटरनेटवर जातात. लगेच लावू नका. वाईट नाही, डिस्नीच्या सगळ्या राजकन्या एका खोलीत भेटतात तो सीन तर धमाल आहे, पण वेबसाइटींवरचे विनोद आत्ताच शिळे वाटायला लागलेत आणि मला त्या धुळकट पार्लरची सर त्या चकचकीत शहराला आली नाही. पोरांचं मत उलटं आहे, त्यांनी पार्लर बघितलंच नाहीये.

आणि पहिल्या भागाला नावं यायला लागली की टीव्ही बंद करू नका. आधी गेमच्या वेगवेगळ्या जमान्यातली चित्रं येतात, ती तर बघाच, पण अगदी शेवटी डिस्नीचं चिन्ह येतं आणि अर्धं चिन्ह अचानक फाटून अक्षरांचा-आकड्यांचा कचरा होतो. आम्हाला वाटलं नेट गेलं, दादाने राउटर बंद करून चालू केला. तो बिघाड नाहीये. पॅकमॅनच्या जुन्या मशीनला पातळी मोजायला एवढीच जागा होती की २५६ व्या पातळीला हिशोब कोलमडायचा आणि अर्धा पडदा असाच कचऱ्याने भरायचा, पुढे खेळताच यायचं नाही. आता पोरं गुगलवरचा पॅकमॅन खेळत २५६ व्या पातळीला पोचायचं म्हणतायत. परवापर्यंत भाची ११ व्या पातळीवर होती, भाचा ६ व्या, आणि मी, सांगायला लाज वाटते, ३ ऱ्या.